यंत्राची रोजनिशी

न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, आणि पुढे तिच्या धर्तीवर गावोगावी अशा माला उभ्या राहिल्या. ह्या व्यासपीठावर तत्त्वज्ञान, इतिहास, अर्थकारण असे भारदस्त विषय शोभून दिसतात. माझा विषय तसा नाही. "फोन लागत नाही" ही जी तक्रार आपण दिवसातून एकदा तरी करतो, ती घेऊन मी आपल्यापुढे आलो आहे. फोन का लागत नाही, लागला तर मध्येच का तुटतो, आणि ते खुद्द यंत्रालाच विचारून कसे कळते, एवढेच मला सांगावयाचे आहे.

विषय लहान वाटेल. पण त्याच्या पोटात एक मोठा प्रश्न दडलेला आहे. कामगारांची गाऱ्हाणी ऐकणे हा माझा उद्योग आहे. तीस वर्षांत मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली, ती ही की बिघाड यंत्रात होतो आणि मेमो माणसाला मिळतो. सूतगिरणीत धागा तुटला की कामगाराचा हात वाईट. मोटार रस्त्यात बंद पडली की ड्रायव्हर हलगर्जी. आणि फोन तुटला की लाइनमन आळशी, नाही तर बोलणारी पोर कामचुकार. यंत्राला तोंड नाही, तेव्हा त्याची बाजू कोणी विचारीत नाही आणि माणसाची कोणी ऐकत नाही. परंतु आजचे यंत्र मुके राहिलेले नाही. ते आपली रोजनिशी आपणच लिहीत असते. ती उघडून वाचण्याचे कष्ट मात्र फार थोडे लोक घेतात.

रोजनिशी म्हणजे काय?

ह्या रोजनिशीला इंग्रजीत 'लॉग' म्हणतात. लॉग म्हणजे लाकडाचा ओंडका. पूर्वी जहाजाचा वेग मोजण्यासाठी खलाशी दोरीला बांधलेला लाकडाचा तुकडा समुद्रात टाकीत. दोरीला ठरावीक अंतरावर गाठी मारलेल्या असत. ठरलेल्या वेळात किती गाठी हातातून सुटल्या ते मोजले की वेग कळे. तो ज्या वहीत लिहून ठेवीत, ती लॉग-बुक. पुढे कोणत्याही यंत्राच्या कालवार नोंदीला तेच नाव पडले.

आपण मराठवाड्याची माणसे समुद्रापासून दूर; पण ही वही आपल्या ओळखीची आहे. रेल्वेचा स्टेशन मास्तर गाडीला परवानगी किती वाजता दिली, ती पुढच्या स्टेशनाकडे किती वाजता निघाली, किती वाजता पोचली, हे मिनिटामिनिटाने वहीत लिहीत आला आहे. अपघात झाला की चौकशी करणारे अधिकारी प्रथम ती वही ताब्यात घेतात. विजेच्या उपकेंद्रात ऑपरेटर ठरल्या वेळी दाब व भार लिहितो. दवाखान्यात रोग्याच्या खाटेशी तापाचा तक्ता टांगलेला असतो. ह्या तिन्ही कागदांत रकाने तीनच: केव्हा, काय घडले, आणि त्याचे काय झाले. शहाणा डॉक्टर रोग्याच्या नातेवाइकांचे बोलणे ऐकून घेतो, पण औषध लिहिण्यापूर्वी तक्ता पाहतो.

संगणकातील रोजनिशीही अशीच आहे. तिचा लेखक झोपत नाही, कंटाळत नाही, आणि सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत वेळ टिपतो. त्याचा दोष एवढाच की तो इंग्रजीत, तेही तुटक इंग्रजीत लिहितो. पण भिण्याचे कारण नाही. मी इंजिनिअर नव्हे, कॉलेजही पाहिले नाही. शब्दकोश शेजारी ठेवून बसलो तेव्हा ध्यानात आले की फोनच्या रोजनिशीत पुन्हा पुन्हा येणारे शब्द पंचवीस-तीसच आहेत. ज्याला सात-बारा वाचता येतो, त्याला हेही वाचता येईल.

मोडेमची पाच उत्तरे

प्रथम मोडेम घेऊ, कारण तो साधा आहे. जुनी टेलिफोनची तार माणसाच्या आवाजासाठी बेतलेली होती. सेकंदाला सुमारे ३०० ते ३४०० कंपने, एवढाच आवाज तिच्यातून जाई. संगणकाची भाषा शून्य आणि एक अशा खुणांची. ह्या खुणांना तारेतून जाईल असा आवाज देणारे आणि पलीकडे त्या आवाजाच्या पुन्हा खुणा करणारे यंत्र म्हणजे मोडेम. ह्या दोन कामांच्या इंग्रजी नावांचे तुकडे जोडून त्याचे नाव झाले. १९६२ चा अमेरिकेतील 'बेल १०३' हा मोडेम सेकंदाला ३०० खुणा पाठवी. १९९८ च्या 'व्ही. ९०' ह्या पद्धतीने हा वेग ५६ हजारांपर्यंत गेला. आपल्या देशात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सामान्य ग्राहकांस खुले केले, आणि त्यानंतरची काही वर्षे मोडेमची ती किरकिरणारी शीळ शहरांतून व पुढे लहान गावांतूनही ऐकू येऊ लागली. १९९८ साली कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील वारणेच्या सहकारी परिसरात सत्तर गावे संगणकांनी जोडण्याची योजना निघाली, तीही ह्याच काळातली.

१९८१ साली हेज ह्या अमेरिकन कंपनीने आपल्या 'स्मार्टमोडेम'ला काही ठरावीक आज्ञा व ठरावीक उत्तरे शिकवली, आणि पुढे बहुतेक साऱ्या कंपन्यांनी तीच उचलली. म्हणून कोणताही जुना मोडेम घ्या, त्याच्या रोजनिशीत तेच शब्द येतात. विंडोज ९५ मध्ये मोडेमच्या मांडणीत 'रेकॉर्ड अ लॉग फाइल' अशी एक चौकट होती. तीत खूण केली की सर्व संभाषण एका फाइलीत उतरे. त्यातील मुख्य उत्तरे पाहा.

'नो डायलटोन': मोडेमला तारेवर घरघर ऐकूच आली नाही. म्हणजे नंबर फिरवण्याच्या आधीच गाडी अडली. अशा वेळी पलीकडच्या कार्यालयाला शिव्या देण्यात अर्थ नाही. दोष आपल्या घरात, जोडणीत किंवा आपल्या एक्स्चेंजपर्यंतच्या तारेत शोधावयाचा. साधा फोन लावून कानाने ऐकावे. कानाला टोन ऐकू येतो आणि मोडेमला येत नाही, असे झाले तर तार निर्दोष आहे. दुसऱ्या देशाच्या टोनसाठी बनवलेल्या मोडेमला आपला टोन ओळखता येत नाही. तेव्हा 'टोनची वाट न पाहता नंबर फिरव' अशी आज्ञा देऊन काम भागते.

'बिझी': तार चांगली, नंबर गेला, पलीकडे गर्दी आहे. 'नो आन्सर': घंटा वाजली, उचलणारा नाही. 'कनेक्ट': जोडणी झाली, आणि त्यापुढे बहुधा वेगाचा आकडा. तो आकडा रोज उतरत असेल तर तार खराब होत चालली आहे असे समजावे.

सर्वांत फसवे उत्तर 'नो कॅरिअर'. कॅरिअर म्हणजे ती सततची शीळ. ती ऐकू येईनाशी झाली एवढेच मोडेम सांगतो. का, ते त्याला ठाऊक नसते. म्हणून ह्या शब्दाच्या मागची वेळ पाहावी लागते. नंबर फिरवल्यावर बऱ्याच वेळाने, कनेक्ट न होताच हे उत्तर आले, तर पलीकडे मोडेमऐवजी माणसाने फोन उचलला असेल किंवा दोन मोडेमांचे जुळले नसेल. कनेक्ट होऊन वीस मिनिटांनी आले, तर चालू काम तुटले. पुष्कळ मोडेम शीळ सुमारे १.४ सेकंद नाहीशी झाली की फोन ठेवून देत. दुसरा फोन आल्याची सूचना देणारा 'टुक्' असा आवाजही ह्यास पुरेसा होई. एकच शब्द, पण त्याच्या आधीच्या ओळींप्रमाणे अर्थ निराळा.

आता घरोघरी काचेचा तंतू, म्हणजे फायबर आला. त्या डब्यालाही आपण सवयीने मोडेमच म्हणतो. तो शिळेऐवजी प्रकाश ऐकतो, आणि त्या प्रकाशाचे बळ 'डीबीएम' ह्या मापात लिहून ठेवतो. आकडा उणे असतो. घरगुती फायबरमध्ये तो सामान्यतः उणे ८ ते उणे २७ ह्यांच्या दरम्यान असावा लागतो. ह्या मापाची खुबी अशी की आकडा तीनने खाली गेला की प्रकाश निम्मा झाला. काल उणे २१ होता आणि आज उणे २६ झाला, तर वरवर पाच अंकांचा फरक. प्रत्यक्षात प्रकाशाचा तिसरा हिस्साही पुरता उरलेला नाही. म्हणजे तंतू कोठेतरी फार वाकला आहे किंवा सांध्यात धूळ शिरली आहे. 'एलओएस' हा तांबडा दिवा लागला तर प्रकाश येतच नाही. हे दोन आकडे तारखेसह कागदावर लिहून कंपनीच्या माणसाच्या हाती द्या. "नेट स्लो आहे" ह्या तक्रारीपेक्षा तो कागद लवकर काम करतो, आणि त्या बिचाऱ्या लाइनमनचाही एक हेलपाटा वाचतो.

फोनच्या सॉफ्टवेअरचे संभाषण

आज पुष्कळ कार्यालयांतील फोन टेलिफोनच्या तारेवर चालतच नाहीत. संगणकावर किंवा मोबाइलवर एक सॉफ्टवेअर असते, कानाला हेडफोन असतो, आणि बोलणे इंटरनेटवरून जाते. ह्या बोलण्याची जुळवाजुळव करणारी एक भाषा आहे, तिचे नाव 'सिप'. तिचे पहिले नियम १९९९ साली आणि सुधारलेले नियम २००२ साली प्रसिद्ध झाले. ही भाषा साध्या अक्षरांत लिहिलेली असते, म्हणून तिची रोजनिशी माणसाला वाचता येते.

एक फोन लागताना काय होते? आपले सॉफ्टवेअर कंपनीच्या सर्व्हरला 'इन्व्हाइट' पाठवते, म्हणजे बोलावणे. सर्व्हर '१०० ट्राइंग' म्हणतो: खटपट चालू आहे. मग '१८० रिंगिंग': घंटा वाजते आहे. पलीकडच्याने उचलला की '२०० ओके'. त्यावर आपले सॉफ्टवेअर 'ॲक' पाठवते, ही पोचपावती. येथून बोलणे सुरू. शेवटी जो फोन ठेवतो तो 'बाय' पाठवतो. पाठवलेल्या आणि आलेल्या प्रत्येक ओळीवर तशी खूण असते. म्हणजे फोन कोणी ठेवला ह्याचा लेखी पुरावा तेथे पडलेला असतो.

आकड्यांचा अर्थ पहिल्या अंकावरून लावावा. १ ने सुरू होणारा आकडा म्हणजे काम चालू. २ म्हणजे झाले. ३ म्हणजे दुसऱ्या पत्त्यावर विचारा. ४ म्हणजे ही विनंती ह्या रूपात पुरी होत नाही. ५ म्हणजे सर्व्हरचीच प्रकृती बिघडली. ६ म्हणजे कोठेही प्रयत्न केला तरी नकारच. ४०४: असा नंबर येथे नाही. ४०८: वाट पाहून थकलो, उत्तर नाही. ४८६: पलीकडे बोलणे चालू आहे. ५०३: सर्व्हर आज सेवा देऊ शकत नाही.

एका आकड्याला नवखा माणूस हमखास फसतो. रोजनिशी उघडताच '४०१ अनऑथराइज्ड' दिसते, आणि वाटते, सापडला दोष! तो दोष नसतो. कारखान्याच्या दारावर पहारेकरी पास विचारतो, आपण दाखवतो, तो आत सोडतो. ४०१ म्हणजे पास विचारणे. त्यापुढे सॉफ्टवेअर सांकेतिक शब्दासह पुन्हा विनंती करते आणि २०० मिळतो. ४०१ मागून पुन्हा ४०१, पुन्हा ४०१ अशी रांग लागली, किंवा ४०३ आला, तरच पासात खोट आहे.

दुसरी नेहमीची तक्रार एकतर्फी आवाजाची. सारी ओळख-देख नीट, २०० झाला, ॲक झाला, पण एकाला दुसऱ्याचे ऐकू येत नाही. याचे कारण असे की जुळवाजुळवीचा निरोप एका वाटेने जातो आणि आवाज दुसऱ्या वाटेने. आवाज कोणत्या पत्त्यावर पाठवावयाचा ते निरोपात लिहिलेले असते, आणि तो पत्ता चुकीचा असू शकतो.

पत्ता चुकीचा कसा असेल? आपल्या घरातील राउटर घरच्या प्रत्येक यंत्राला एक खाजगी पत्ता देतो; बहुधा तो १९२.१६८ ने सुरू होतो. जुन्या वाड्यात 'मागच्या चौकातली तिसरी खोली' म्हटले की वाड्यातल्या पोरासोरांना कळते. तोच मजकूर पाकिटावर लिहून पोस्टात टाकला तर पोस्टमन काय करील? तिसरी खोली प्रत्येक वाड्यात आहे. बाहेरच्या जगाला वाड्याचा पत्ता लागतो. सॉफ्टवेअर जेव्हा परगावच्या निरोपात चुकून खोलीचा पत्ता लिहिते, तेव्हा उत्तर कधीच पोचत नाही.

बत्तीस सेकंद

ही एवढी माहिती मला एका मुलीमुळे करून घ्यावी लागली. आमच्या भागातील ही मुलगी घरी बसून एका शहरातील कंपनीसाठी फोन करण्याचे काम करी. एक दिवस ती कागद घेऊन आली. तुम्ही मुद्दाम फोन अर्ध्यात ठेवता आणि झालेल्या फोनांची संख्या फुगवता, असा कंपनीचा आरोप होता, आणि त्यासाठी पगारातून रक्कम कापली होती. पुन्हा असे झाल्यास कामावरून कमी, ही तळटीप होतीच.

"काका, फोन मी ठेवत नाही. समोरचा माणूस बोलता बोलता गप होतो," ती म्हणाली.

कंपनीचा मुद्दा बिनतोड दिसत होता. कार्यालयात बसून बोलणाऱ्यांचे फोन तुटत नाहीत. सर्व्हर तोच, सॉफ्टवेअर तेच. तेव्हा दोष एक तर तुमच्या घरच्या इंटरनेटमध्ये, नाही तर तुमच्या दानतीत.

आम्ही तिच्या संगणकावरील सॉफ्टवेअरची रोजनिशी उघडली. त्यातून पाच फोन निवडले आणि कागदावर दोनच वेळा मांडल्या: फोन उचलला ती आणि तुटला ती. मी वजाबाकी करीत गेलो. पहिला फोन बत्तीस सेकंद. दुसरा बत्तीस. तिसरा बत्तीस. पाचही तसेच. आता माणसाचा स्वभाव आपल्याला माहीत आहे. माणूस फोन ठेवतो तो कधी सात सेकंदांनी, कधी चार मिनिटांनी. दर वेळी बत्तिसाव्या सेकंदाला फोन ठेवणारा माणूस असू शकत नाही. हे यंत्राचे काम होते.

मग मधल्या ओळी वाचल्या. '२०० ओके' आले. तिच्या सॉफ्टवेअरने ॲक पाठवला. अर्ध्या सेकंदाने तेच '२०० ओके' पुन्हा आले. पुन्हा एक सेकंदाने, मग दोन, मग चार, आणि त्यापुढे दर चार सेकंदांनी. एकूण अकरा वेळा. शेवटी 'बाय' आला, आणि त्यावर खूण होती 'रिसीव्ह्ड'. फोन सर्व्हरने ठेवला होता.

सिपच्या नियमांत ह्याचे उत्तर आहे. '२०० ओके' म्हणणाऱ्याला पोचपावती मिळाली नाही तर तो निरोप पुन्हा पुन्हा पाठवतो. अर्धा सेकंद हे त्याचे मूळ माप. अशा चौसष्ट मापांपर्यंत, म्हणजे बत्तीस सेकंद, तो वाट पाहतो. तरीही पावती आली नाही की पलीकडे कोणी नाही असे समजून तो फोन बंद करतो. तिच्या सॉफ्टवेअरने पावती प्रत्येक वेळी पाठवली होती. मग गेली कोठे? पत्ता पाहिला: १९२.१६८ ने सुरू होणारा. सर्व्हरनेच आपल्या निरोपात स्वतःच्या खोलीचा पत्ता दिला होता. कार्यालयात बसलेल्यांना ती खोली शेजारचीच, म्हणून त्यांची पावती पोचे. ह्या मुलीच्या घरच्या राउटरनेही तसेच पत्ते वाटलेले असल्यामुळे तिची पावती घराचा उंबरा ओलांडतच नव्हती. आवाज मात्र नीट जाई. कारण सर्व्हरच्या मांडणीत आवाजासाठी बाहेरचा पत्ता लिहिण्याची जागा वेगळी आणि निरोपासाठी वेगळी असते. एक भरली होती, दुसरी कोरी राहिली होती.

पाहा, कंपनीचा बिनतोड वाटणारा मुद्दाच तिच्या विरुद्ध गेला. कार्यालयातील फोन तुटत नाहीत आणि घरचे तुटतात, हे खरे होते. त्यावरून दोष घराचा, हा निष्कर्ष खोटा होता.

साडेपाच तासांचा घोटाळा

तरी प्रकरण तेथे संपले नाही. आम्ही लिहून कळवले की दुपारी २ वाजून ४० मिनिटांचा फोन पाहा. उत्तर आले: सर्व्हरच्या नोंदीत १४:४० ला ह्या मुलीचा एकही फोन नाही, तक्रार बनावट. मी क्षणभर गांगरलो. मग तिचा एकेक फोन त्यांच्या नोंदीशी ताडून पाहू दिला जावा, असा आग्रह धरला, तेव्हा उलगडा झाला. सर्व्हर जागतिक वेळ लिहीत होता. आपली भारतीय वेळ तिच्यापुढे साडेपाच तास. आपले दुपारचे २.४० म्हणजे त्या वहीतले सकाळचे ९.१०. त्यांनी १४:४० ला पाहिले, तेव्हा येथे रात्रीचे आठ वाजून दहा मिनिटे झाली होती आणि पोर जेवावयास बसली असेल. ९.१० च्या ओळी काढल्या आणि तेच अकरा '२०० ओके' त्यांच्याही वहीत निघाले.

वेळेचा असा घोळ नवा नाही. भारताची प्रमाणवेळ १९०६ साली ठरली, तरी मुंबई शहर १९५५ पर्यंत आपली ३९ मिनिटे मागे असणारी वेळ चालवीत होते. तेव्हा 'किती वाजता?' ह्या प्रश्नापाठोपाठ 'कोणत्या घड्याळाने?' हेही विचारावे लागे. यंत्राच्या रोजनिशीस हाच प्रश्न पहिला विचारावयाचा.

कंपनीने कोरी जागा भरली, आणि फोन तुटणे त्याच दिवशी थांबले. कापलेली रक्कम पुढच्या महिन्यात जमा झाली. आरोप मात्र लेखी मागे घेतला गेला नाही. त्यासाठी अजून पत्रव्यवहार चालू आहे.

वाचण्याची रीत

ह्या अनुभवातून जी रीत हाती लागली ती थोडक्यात सांगतो.

बिघाड झाला की त्याच क्षणी घड्याळ पाहून वेळ लिहा. कोणाला फोन होता, किती वेळ चालला, तेही लिहा. रोजनिशी हजारो ओळींची असते; वेळ हाती नसेल तर ती गवताची गंज, आणि आपण सुई शोधणार.

एकच फोन निवडा. सिपमध्ये प्रत्येक फोनाला 'कॉल-आयडी' नावाची स्वतंत्र खूण असते. त्या खुणेच्या ओळी तेवढ्या वेगळ्या काढा. नाही तर दोन फोनांची सरमिसळ होते.

'एरर' हा शब्द दिसला की त्यावर झडप घालू नका. खालून वर जा, आणि शेवटची नीट झालेली पायरी कोणती ते शोधा. दोष तिच्या आणि पुढच्या पायरीच्या मध्ये असतो. जेथे आरडाओरडा असतो तेथे पुष्कळदा परिणामच असतो.

चांगल्या फोनाची नोंद वाईट फोनाच्या नोंदीशेजारी ठेवा. निरोग्याची नाडी माहीत नसेल तर रोग्याची कळत नाही.

दुरुस्ती करताना एका वेळी एकच गोष्ट बदला. राउटर बदलला, सॉफ्टवेअर नवे घातले, वायरही पालटली आणि फोन लागला, तर गुण कशाने आला ते कधीच कळत नाही, आणि दुखणे पुन्हा आले की पहिल्यापासून सुरुवात.

मूळ फाइलीला हात लावू नका. प्रत काढून तीवर खुणा करा. जुन्या नोंदी काही दिवसांनी आपोआप पुसल्या जातात, म्हणून प्रत लवकर काढावी. आणि ती दुसऱ्याला दाखवण्यापूर्वी ग्राहकांचे नंबर व सांकेतिक शब्द झाकावेत. कारण त्या वहीत परक्या माणसांचा खाजगी व्यवहार असतो.

वही कोणाची?

रोजनिशी देववाणी नाही. यंत्राला जे दिसले तेवढेच ती सांगते. समोरच्या म्हातारीला आवाज ऐकू आला की नाही, बोलणारी आजारी होती की काय, ह्याची नोंद तेथे नसते. म्हणून माणसाची साक्ष काढून टाकता येत नाही. दोन्ही एकमेकांशी ताडून पाहाव्या लागतात. त्या मुलीच्या 'समोरचा माणूस बोलता बोलता गप होतो' ह्या एका वाक्यात सगळे निदान होते. वहीने त्यास पुरावा दिला.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. हीच वही कामगारावर पाळत ठेवण्यासाठीही वापरतात: किती फोन, मधे किती मिनिटे विश्रांती, किती वेळा उठला. मालकाने ती उघडून कामगाराचा पगार कापावा, आणि कामगाराने मागितली तर 'ती तांत्रिक बाब आहे' म्हणून मिटून ठेवावी, हा न्याय नव्हे. ज्या कागदावर माणसाची भाकरी ठरते, तो कागद त्या माणसाला दाखवला पाहिजे. हजेरीपुस्तक आणि पगारपत्रक पाहण्याच्या हक्कासाठी आमच्या आधीच्या पिढ्या भांडल्या. आता त्या यादीत ही तिसरी वही घालावी लागेल.

पण हक्क मिळाला तरी वाचता आले पाहिजे. अंगठा उठवणाऱ्याच्या हाती पगारपत्रक देऊन काय उपयोग, हे आपण जाणतो. तेव्हा येथे जमलेल्या तरुणांना माझे सांगणे एवढेच की आज घरी गेल्यावर आपल्या मोडेमचे किंवा फोनच्या सॉफ्टवेअरचे नोंदीचे पान एकदा उघडून पाहा. सगळे ठीक चालू असताना पाहा, म्हणजे ठीक कसे दिसते ते कळेल. आणि पुढे कधी फोन मध्येच तुटला, तर कोणावर रागावण्यापूर्वी घड्याळ पाहून वेळ लिहून ठेवा.